तिसरे मशीन

मी, मालुबाई नागोजी ढवळे, वय ६१, धंदा घरच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरणे, राहणार विणकर गल्ली, वडगाव, बेळगाव, पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

वरील ठिकाणी मी, माझे पती नागोजी व सून रचना असे राहत होतो. मुलगा स्वरूप पुण्यात नोकरीस आहे. पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग आहेत. आम्ही त्यांना मशीन म्हणतो.

गेल्या वर्षी पतीला चक्कर येऊ लागली. ठोक्याचा इशारा हृदयाच्या वरच्या भागात निघतो, तो यांच्या खालच्या कप्प्यापर्यंत पोहोचत नाही, असे सांगून डॉक्टरांनी छातीत पेसमेकर बसवला. हृदयाचा ठोका चुकला की तो देतो. तेव्हापासून पती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "घरात आता तीन मशीन. दोन लाईटवर, एक बॅटरीवर. बॅटरीवरचं बंद पडत न्हाय."

सोमवारी दुपारी लाईट कमी-जास्त होत होती. पती मागाजवळ स्टुलावर बसले होते. मी व रचना आत होतो. पती म्हणाले, "रचना, मशीन बंद पडाय लागलंय गं."

रचना म्हणाली, "लाईट जातीया आप्पा. ऱ्हाऊ दे की." मीही तेच समजले. ती शेजारी लाईट आहे का पाहायला मागच्या दाराने गेली. तेवढ्यात लाईट गेली. माग थांबले. घर शांत झाले. मी बाहेर आले तेव्हा ते मागावरच्या साडीवर डोके टेकून होते.

रचनाने रिक्षा आणली. दवाखान्यात ते मयत असल्याचे सांगितले. पेसमेकर चालूच होता, त्याची हृदयातली तार जागेवरून सरकली होती, असे नंतर डॉक्टर म्हणाले. धागा तुटला तरी जुना माग ठोकत राहतो, तसे का, असे मी विचारले. ते हो म्हणाले.

रचनाने ऐकून दुर्लक्ष केले, असा अर्ज मुलाने दिला आहे. तो मला मान्य नाही. स्वरूप घरी असता तर त्यानेही आधी फ्यूज पाहिला असता. लाईट आल्यापासून रचनाने मागाचे बटण दाबलेले नाही. माझी तिच्याविरुद्ध तक्रार नाही.

जबाब मला वाचून दाखवला. मी सगळीकडे मशीन असेच सांगितले होते. कोणते मशीन, असे दर वेळी विचारून साहेबांनी माग किंवा पेसमेकर असे लिहिले. पतीच्या तोंडच्या शब्दांत मशीन एवढेच राहू द्यावे, असे मी सांगितले. तसे ठेवले आहे. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.