कडक स्प्रिंगा

गॅरेजवाल्याची ‘दहा मिनिटं’ सुरू होऊन दीड तास झाला होता. निवृत्त मास्तर स्कूटरची वाट पाहत बाकावर बसले होते. वर्तमानपत्रातल्या वधूवरांच्या जाहिरातीही वाचून संपल्या, तेव्हा त्यांनी कान शेजारी लावले. एका लांबलचक, महागड्या गाडीचे मालक मिस्त्रीशी बोलत होते.

“इंजिनाची वाढवलेली ताकद राहू द्या. फक्त या कडक स्प्रिंगा काढून कंपनीच्या मऊ बसवा.”

“साहेब, वर्षापूर्वी तुम्हीच म्हणालात, गाडी जमिनीला चिकटून पळाली पाहिजे. एवढ्या पैशांत मी आख्खी गाडी घेतली असती!”

“पळाली ना. पण आता खड्डा आला की मागच्या सीटवर बायको कण्हते. आजार हाडांत उतरलाय तिच्या.”

“अरे देवा. वहिनींच्या? मग पैसे पाण्यातच गेले म्हणायचे.”

“छे हो! वर्षभर शेजारी बसून ओरडायची, ‘हळू चालवा, मला इतक्यात विधवा व्हायचं नाही.’ पै न् पै वसूल झाली.”

“मऊ स्प्रिंगा मागवाव्या लागतील. आठवडा जाईल.”

“तिला उद्याच हॉस्पिटलातून आणायचंय. डॉक्टर म्हणाले, आता घरीच न्या.”

“मग माझी गाडी न्या. म्हातारी आहे, पण पाळण्यासारखी जाते. फक्त चाळीसच्या वर पळत नाही.”

“नको पळायला. घर जेवढं उशिरा येईल, तेवढं बरं.”