अर्ध्या फुलाची नोंद

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष प्राचार्य पुनम मॅडम, धुळ्याहून मुद्दाम आलेले युसूफभाई, सत्कारमूर्ती गिरधर नाना, भडगावहून आलेली आमची घरची मंडळी आणि महाविद्यालयातील सर्व सहकारी,

मी दिपमाला, नानांची पुतणी. मुळाक्षरं मी घरीच शिकले, नानांकडून. प्रोग्रॅमिंगही त्यांच्याकडूनच. त्यामुळे मी स्तुती केली तर ती घरातली धरली जाईल. मी घडलेलं तेवढं सांगते. कागदावर लिहून आणलं आहे, आयत्या वेळी काही गाळलं जाऊ नये म्हणून.

नाना इथल्या संगणक प्रयोगशाळेत तीस वर्षं होते, हे सर्वांना ठाऊक आहे. घरी गेल्यावर ते काय करत, हे थोड्यांना ठाऊक असेल. पास्कल ही जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा. त्या भाषेत लिहिलेलं यंत्राला समजेल असं करून देणारा कंपायलर फुकट मिळतो. पण संगणकाची प्रणाली बदलली, की तो नव्याने जुळवून, तपासून, बांधून द्यावा लागतो. याला पॅकेजिंग म्हणतात. नानांनी ते एकोणीस वर्षं केलं, बिनपगारी. आमचे झिपरू आबा एकदा त्यांना म्हणाले, "कसानी पॅकिंग शे रे गिरधर? केळीनी?"

"नहीं आबा, कंपायलरनी."

"मंग खावाले काय भेटस?"



जुनी भाषा आता कोण वापरतं, असं आपल्याला वाटेल. युसूफभाई वापरतात. त्यांच्या यंत्रमागावर साडीच्या काठाची नक्षी ज्या प्रोग्रॅमवर ठरते, तो त्यांच्या वडिलांनी पास्कलमध्ये लिहून घेतला होता. गेल्या वर्षी कंपायलरची नवी आवृत्ती निघाली आणि युसूफभाईंचा फोन आला. "नाना, फूल अर्धंच येतंय. बाकीचं तुमच्याकडे राहिलं का?"

चौदा साड्या विणून झाल्या होत्या. नाना एसटीने धुळ्याला गेले, दोन दिवसांत दुरुस्ती केली आणि बदलांच्या नोंदीत लिहिलं, 'तपासणी माझ्याकडून अपुरी राहिली.' ही नोंद जगभर वाचली जाते. मग सभ्य भाषेत पत्रं आली, की आपलं वय झालं, काम तरुणांकडे द्यावं. नानांनी ते माझ्याकडे दिलं. मघाशी याच सभागृहात कोणीतरी म्हणालं, शेवटी शेवटी नानांची नजर चुकायला लागली होती.

ती आवृत्ती मी बांधली होती. जुन्या फायली नीट वाचल्या जाव्यात म्हणून नानांनी पूर्वी घातलेल्या तीन ओळी मी काढून टाकल्या. त्या कशासाठी आहेत हे लिहिलेलं नव्हतं, आणि कारण लिहिलेलं नाही ते ठेवायचं नाही, ही माझी शिस्त. सगळ्या चाचण्या पार पडल्या. नाना भडगावला लग्नात होते. लग्नघरी कशाला फोन करायचा, म्हणून विचारलं नाही.

नंतर मी त्यांना नोंद बदलायला सांगितलं. ते म्हणाले, "नाव कोनं बी ऱ्हावो, फूल पुरं येवाले जोयजे." मी वर्षभर गप्प बसले. गप्प बसणं माझ्या सोयीचंही होतं, हे मान्य केलं पाहिजे.

नाना, हाताने थांबवू नका, अर्धं पानच राहिलं आहे.

आज सकाळी माझ्या नावाने पहिली आवृत्ती बाहेर पडली. तिच्या नोंदीत मी लिहिलं आहे, 'मागच्या वेळी त्या तीन ओळी दिपमालाने न विचारता काढल्या. नानांना तपासायला दिलंच नव्हतं.' नानांनी परत घातलेल्या त्या ओळींच्या वर आता कारणही आहे: 'युसूफभाईंच्या काठासाठी. विचारल्याशिवाय काढू नये.' नव्या आवृत्तीवर विणलेला पहिला काठ युसूफभाईंनी येताना आणला. तो या क्षणी नानांच्या मांडीवर आहे. त्यांनी बोटाने पाकळ्या मोजायला सुरुवात केलेली मला इथून दिसते आहे.

मॅडमनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकून घेतलं, मी आभारी आहे. कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, मानपानात कमीजास्त झालं असेल, तर पोटात घालावं. त्या चौदा साड्या मात्र पोटात घालू नयेत. त्या माझ्या नावावर राहू द्याव्यात.