चिपसाठी लावलेला कौल

"पाववाल्याच्या पोई मऊ आहेत काय बघ गो."

"माझा एक्स-रे कोणी घेतला?"

"देवाने कौलात उजवी पाकळी दिली."

डिचोलीच्या त्या इस्पितळात काउंटरवर बसलेल्या क्षमाने गर्दीतल्या या तिसऱ्या वाक्याला कान टवकारले. समोरच्या बाकावर पद्मावती आणि तिची नणंद सुलोचना बसल्या होत्या. पद्मावतीचा नवरा धाकू माडावरून पडल्यापासून मानेखाली हलत नव्हता. त्याच्या डोक्यात आता चिप बसवायची होती. मनात आणलं की फोन चालेल, अशी.

"उजवी म्हणजे होकार, वहिनी. आता कसली कुरकुर?"

"भटजीने गाऱ्हाण्यात चिपचं नावच घेतलं नाही. औषधपाणी म्हणाला. देवाने औषधाला हो म्हटलं असणार."

"देवाला सगळं कळतं गो."

"फोन तोंडाने सांगूनही लागतो की!"

"दादा सांगतो आणि फोन म्हणतो, परत बोला. मग दादा शिव्या घालतो."

"मी लावून देते ना! कानालाही मीच धरते."

"आणि मधेच तूच बोलतेस."

"ते विसरतात म्हणून! उद्या ती चोपड्याची मासेवाली मनात आली आणि फोन लागला तर?"

"दादाच्या मनात बांगडे येतात, बाई नाही."

"बांगड्यांकडे फोन नसतो, सुलू."

"तू मनात आलीस तर तुला लागेल."

"मी बाजूलाच असते. मला कशाला करतील?"

"मग काय करायचं?"

"सोमवारी परत कौल लावू. चिपचं नाव घेऊन."

पहिला कौल लावण्याच्या आदल्याच दिवशी धाकूने क्षमासमोर डॉक्टरांना चिपसाठी होकार दिला होता.