मुंजाजीमामाचं गेट

ताडकळसच्या स्टँडवर कस्तुराबाई पूर्णेच्या बसची वाट बघत बसल्या होत्या. मागच्या बाकावर एक म्हातारा आणि एक खाकी कपड्यांतला माणूस बोलत होते. खाकीवाला सांगत होता,

"येलदरीच्या पॉवरहाऊसवर आमचे मुंजाजीमामा गेटवर होते. पास दावल्याबिगर चिटपाखरू आत जात नव्हतं."

"वळखीचा आसला तरी?"

"वळख घरी, गेटवर पास, म्हनायचे. एकदा त्यायचा जावईच पास इसरून कामावर आला. लग्नाला म्हैना झालेला."

"मग सोडला आसंल."

"कशाचं सोडतेत? खुर्ची दिली, पाय धुवायला पानी दिलं, चहा पाजला. जावायाचा सगळा मान केला, पर गेटाच्या भाईर."

"रुसला आसंल."

"लय. म्हनला, पोरगी देताना कागद मागितला न्हाई, आन् दारासाठी मागता? मामा म्हनले, पोरगी माजी होती, दार माजं न्हाई."

पूर्णेची बस लागली, पण कस्तुराबाईंचा पाय निघेना.

"मग जावायानं काय केलं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"काय करतो? दोन कोस चालत घरी गेलो आन् पास घिऊन आलो."

म्हाताऱ्यानं मान वळवून त्याच्या खाकी कपड्यांकडं पाहिलं.

"आता कोन हाय गेटवर?"

"मामा रिटायर झाले, मी हाय. परवा भेटायला आलते. मी मागायच्या आत त्यायनी पास दावला."