नऊ ते चौदा

नाही नाही, समजलं होतं मला – बाण डावीकडे तर डावं बटण, उजवीकडे तर उजवं, नि लाल आला की हात बांधून बसायचं. केलं की तसंच. आता आकडा काय आला तेवढं सांगा. – नंतर का? नियम असेल तुमचा, पण मॅडम, मी याच इमारतीतला माणूस, वर उंदरांच्या खोलीत एकवीस वर्षं काढलीत. लिफ्टपाशी तुमची जाहिरात वाचली – उदास माणसं हवीत, त्यांचं लक्ष तपासायचंय. म्हटलं, चला, आपण अर्ज न करताच पास. फॉर्मवर झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही – सगळ्यांपुढे हो लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा पैकीच्या पैकी. कारण? कारण असतं तर बरं झालं असतं, त्याच्याशी भांडलो तरी असतो.

आकडा कशाला हवाय? सांगतो. वर आम्ही एका जिवाणूपासून काढलेलं औषध उंदरांना देतो, अंगावर गाठी असलेल्या. पिंजरे नऊ ते चौदा. दर पंधरा दिवसांनी मी एकेक गाठ मोजपट्टीच्या चिमट्यात धरायची नि मिलिमीटर वहीत लिहायचे. गेल्या खेपेला नऊपासून सुरुवात केली, आणि भानावर आलो तेव्हा चौदाचं झाकण लावत होतो. मधलं काही म्हणजे काही आठवत नाही – दिवसाढवळ्या, उभ्या उभ्या माणूस गायब. पण वहीत आकडे होते, माझ्याच अक्षरात. सगळ्या गाठी आटलेल्या. आकडे आहेत म्हणजे मोजलं असणार, असं मी मला सांगितलं. आणि ताईलाही सांगितलं.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चौथीत, माझं दप्तर, डबा, मार, सगळं तिनंच सांभाळलं. तिच्या पोटात गाठ आहे. ऑपरेशनची भीती वाटते तिला, साध्या सुईला घाबरते ती. मी म्हटलं, थांब जरा, आमच्याकडे गाठी विरघळतायत, या डोळ्यांनी बघितलंय. – माहितीये हो, उंदीर वेगळा नि माणूस वेगळा, एकवीस वर्षं तेच ऐकतोय. पण ती रडत होती. आणि मला कित्येक महिन्यांनी कुणाला तरी काहीतरी चांगलं सांगता येत होतं. बोलत सुटलो. तिनं ऑपरेशनला नाही म्हणून टाकलं. सर्जननं आज पाचपर्यंत वाट बघतो म्हटलंय, मग तिची तारीख दुसऱ्याला जाणार. पुढची कधी, देव जाणे, आणि गाठ काही तोवर थांबायची नाही.

परत मोजा? मोजलं की. हे सांगणार नव्हतो तुम्हाला. आज सकाळी मोजलं, प्रत्येक दोनदा. सगळ्या वाढल्यात. चौदाची तर दुप्पट झालीय. म्हणून तर धावत खाली आलो – तुमच्या यंत्रानं म्हणावं, या माणसाचं लक्ष ठिकाणावर नाही, याच्या सकाळच्या मोजण्यावर विश्वास ठेवू नका. एवढं एका कागदावर लिहून द्या, पाया पडतो तुमच्या. – असं काय बघताय? ... हो. कळतंय. लक्ष ठिकाणावर नसेल तर त्या दिवशीही नव्हतं. असेल तर सकाळचं खरं. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हीकडे ढकलायची ती ताईच. – नको, वळवू नका तो स्क्रीन माझ्याकडे. आता नको मला आकडा.

किती वाजले? चार वीस. माझा फोन तुम्ही बाहेरच्या खोक्यात ठेवायला लावला होता – हां, द्या. जागी असेल ती. काय म्हणू तिला? औषध खोटं निघालं म्हणू? बिचाऱ्या औषधानं कुणाला काही सांगितलं नव्हतं, सांगितलं मी. ती म्हणेल, तू बघितलंस ना? म्हणेलच. माझ्या शब्दावर थांबली होती हो ती. – रिंग वाजतेय. मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबता? खोली तुमचीच आहे, माहितीये. जाताना दार लावून घ्या.