कृत्तिकांभोवतीची धूळ

सन्माननीय अध्यक्ष सीतारामराव, व्यासपीठावर बसलेल्या आमच्या मुख्याध्यापिका राजमबाई, आणि राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून आवर्जून आलेल्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो,

मी, नागलक्ष्मी, निवृत्त झाले याचा आपल्याला एवढा आनंद व्हावा, याबद्दल आधी आभार. मघाची भाषणं ऐकताना ही थोर बाई कोण, म्हणून मीही मागं वळून पाहिलं.

अध्यक्षांनी माझ्या शिवणकामाची फार स्तुती केली. मी मुळात विज्ञान शिकवायची, हे सांगायचं ते विनयानं टाळत असावेत. छप्पन्न साली ते शाळा तपासायला माझ्या वर्गात आले. फळ्यावर कृत्तिकांचा फोटो होता. अलमेलु नावाच्या मुलीनं विचारलं, "बाई, ताऱ्यांभोवती हा धूर कसला?"

"धूर नव्हे, बारीक धूळ. तिला स्वतःचा उजेड नाही. जवळच्या ताऱ्यांचा उजेड तिच्यावर पडून विखुरतो. त्यातला निळा जास्त विखुरतो, म्हणून तो ढग निळसर."

साहेब म्हणाले, "आकाशात धूळ? मग तिथं झाडायला कोण जातं, बाई?"

वर्ग हसला. तपासनिसांच्या विनोदाला न हसण्याची सोय कुठल्या शाळेत असते? शेरा आला, 'शिक्षिका कल्पनेत रमतात. शिवणकाम द्यावे.' पुढं आठ वर्षं मी मुलींना काजं करायला शिकवली.

अलमेलु मात्र हट्टी. शिवणाच्या तासाला पुन्हा तेच, "पण निळा का, बाई?" शेवटी मी खिडक्या लावल्या, काळं कापड टांगलं, देवापुढच्या साम्ब्राणी धुपाचा धूर केला आणि बाजूनं टॉर्च धरला. काळ्या कापडापुढं धूर निळसर दिसू लागला. मुलींच्या सुया हातातच राहिल्या. तेवढ्यात दारात राजमबाई!

"काय चाललंय?"

"डास हाकलतोय, बाई," अलमेलु म्हणाली.

राजमबाईंनी दार लोटलं आणि तास संपेपर्यंत बाहेर पहारा दिला. हे त्या आजवर कुणाला बोलल्या नाहीत. त्यांची नोकरी आता दोनच वर्षं उरली आहे, म्हणून मी बोलते.

अलमेलु मद्रासला एम.एस्सी. झाली. सोमवारपासून आमच्या शाळेत विज्ञान शिकवणार. काल राजमबाई मला विज्ञानाच्या वर्गात घेऊन गेल्या. "शेवटचा तास तुमचा," म्हणाल्या. मुली उभ्या राहिल्या. मी खडू उचलला आणि मला पहिलं वाक्यच सुचेना. मागच्या बाकावर अलमेलु बसली होती. ती हळूच म्हणाली, "बाई, सुरू करा की." मी सुरू केलं. घंटा झाली तरी एकही मुलगी उठली नाही.

आपण सगळे आलात, शाल दिलीत, ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. अध्यक्षांना उद्देशून काही अधिक बोलले असेन तर क्षमा असावी. कमी बोलले असेन, तर त्याचीही असावी.