पाखरं हाकलली, पण गेली कुठं?

पखवाज जरा मांडीवर विसावू द्या, बुवा. देवाचं नाव घेऊन झालं, टाळ्या वाजवून झाल्या. आता मला एक सांगा, मंडळी — आपल्या दारातलं संकट हुसकावून शेजाऱ्याच्या दारात घातलं, तर ते गेलं म्हणायचं का? अं? मागची मंडळी मान हलवतायत, पण हो म्हणून की नाही म्हणून, कळेना. काहींची तर झोपेत हलतेय! हलू द्या. बाकीच्यांनी ऐका.

काळ्या रानातलं एक गाव. नाव विचारू नका, विचारलंत तर तुमचंच निघायचं! त्या गावात ओढ्याच्या कडेनं तीन तुकडे ओळीनं. अलीकडं केरबाचं रान, पलीकडं यमाजीचं आणि मधे कोंडाबाईचं. कोंडाबाईला नवरा नाही, मूल नाही. घरात एक आंधळी सासू आणि बाहेर ते रान. त्या रानातला शाळू म्हणजे दोघींची वर्षाची भाकरी. तो आला तर चूल पेटायची, नाही आला तर सासूला कुणाच्या दारात नेऊन बसवायचं?

आणि हे केरबा-यमाजी — एकमेकांशी बोलत नाहीत बरं का! का? तर पोळ्याला तोरणाखालून आधी कुणाचा बैल जायचा यावरून जुंपली. मंडळी, बैल बिचारे ओढ्यावर तोंडाला तोंड लावून पाणी पितायत आणि मालक तोंड फिरवून चाललेत! आता यात बैल कोण, तुम्हीच ठरवा.

बरं, शाळू फुलोऱ्यातून निघाला, दाणा भरला, हुरड्याला आला. आणि आल्या भोरड्या! माहीत आहेत ना? काळं डोकं, गुलाबी अंग, थवाच्या थवा. घटकाभर बसल्या की कणसाचा झाडू करून जातात. मग राखण आली. रानात खांबांवर बांधलेले तिघांचे तीन माळे, तीन गोफणी. केरबानं आरोळी ठोकली, "हाऽऽ होऽऽ!" — आवाज असा की घरात हळू बोलला तरी शेजारी ओ द्यायचे — थवा उठला, गेला कोंडाबाईच्या रानात. तिनं डबा बडवला, थवा यमाजीच्या रानात. यमाजीनं गोफण फिरवली, थवा परत कोंडाबाईकडं, तिथनं केरबाकडं. दिवसभर हेच! भोरड्यांना काय, इथं न्याहारी, तिथं जेवण, पलीकडं वामकुक्षी. आणि सांजच्याला प्रत्येक जण घरी जाऊन म्हणायचा, "आज काय पाखरं हाकलली, विचारू नकोस!"

एके दिवशी केरबाची बायको हौसाबाई भाकरी घेऊन माळ्याखाली आली. म्हणाली, "अवं, कोंडाबाई तापानं फणफणलीय. तिच्या माळ्यावर कुणी न्हाई."

केरबा काय म्हणाला असेल? "अरेरे"? "बघून येतो"? छे! तो म्हणाला, "बरं झालं."

हौसाबाईनं नुसतं बघितलं. बायकांचं ते बघणं तुम्हाला ठाऊक आहे. केरबा गडबडला. "म्हंजे, ताप आला ते वाईटच गं. पण आता पाखरं तिथंच बसतील की. आपल्या जिवाला आराम."

"आन तिथलं सरल्यावर?" हौसाबाई म्हणाली, "त्या काय एकादशी धरणार हायत?"

केरबा हसला. पण दुसऱ्या दिवशी त्याचं हसू आटलं. हाकलायला कोणी नाही म्हटल्यावर थवा कोंडाबाईच्या रानात ठाण मांडून बसला, आणि आणखी थवे सांगावा धाडल्यासारखे उतरू लागले. तिच्या रिकाम्या माळ्यावरसुद्धा भोरड्या बसल्या, जणू राखणीलाच ठेवल्यात! केरबा बांध ओलांडून गेला. अर्ध्या रानाची कणसं पोकळ. वाऱ्यावर डुलत होती, पण हलकी झाल्यामुळं. त्या आंधळ्या म्हातारीची भाकरी पाखरांच्या पोटात गेलेली केरबाला डोळ्यांसमोर दिसली. आपण 'बरं झालं' म्हणालो, ते त्याला आता ऐकू आलं.

गेला तरातरा, कोंडाबाईच्या माळ्यावर चढला. आरोळी ठोकली. थवा उठला आणि गेला सरळ त्याच्याच रानात! तिथं त्याच्या माळ्यावरनं हौसाबाईनं ताट बडवलं, तर इकडं परत. पलीकडं हाकलला, तर यमाजीनं गोफण मारून माघारी धाडला. वरून तिन्ही रानं एकदम दिसत होती, म्हणून केरबाला पहिल्यांदा उमगलं, की आपण तिघं मिळून पाखरांना झोके देतोय. तिघं एकदम ओरडलो तरच त्यांना बसायला जागा उरणार नाही. पण यमाजीला सांगायचं कसं? बोलणं बंद!

मग केरबानं काय करावं? आभाळाकडं तोंड केलं. "अगं भोरड्यांनो, त्या पलीकडल्या शहाण्याला सांगा, मी हात वर केला की त्यानं बी वरडावं!"

तिकडनं यमाजी, तोही आभाळाकडं बघून, "भोरड्यांनो, त्याला सांगा, मला कुणाचा हुकूम चालत न्हाई!"

"हुकूम न्हाई म्हणावं. कोंडाबाई अंथरुणाला खिळलीय. मी तिच्या माळ्यावर उभा हाय."

यमाजीची गोफण थांबली. मग पलीकडनं आवाज आला, "लई ताप हाय का रं तिला?"

मंडळी, हे भोरड्यांना विचारलेलं नव्हतं.

केरबानं हात वर केला. तिन्ही माळ्यांवरनं एकदम आरोळी, डबा, ताट! थवा उठला, घिरट्या घातल्या, खाली टेकायला जागा मिळेना. गेला ओढ्यापल्याडच्या बाभळीत. तिथं नाकतोडे खा म्हणावं, तेही देवानं त्यांच्यासाठीच केलेत! त्या दिवसापासून राखण पाळीनं, तीही तिन्ही रानांची. काढणी सावडीनं — आज सगळे तुझ्या रानात, उद्या सगळे माझ्या. कोंडाबाईची रास लहान पडली, तेव्हा दोघांनी आपापल्या खळ्यातून पाट्या भरून तीत ओतल्या. ती नको म्हणाली, तर केरबा म्हणाला, "राहू दे. आमची पाखरं तुझ्याकडं जेवली हुती."

पोळ्याचं भांडण मिटलं का? छे हो! अजून चालू आहे. पण आता समोरासमोर भांडतात आणि चहा पिऊन घरी जातात.

आता तुमच्याकडं वळतो. तुमच्या गोफणीतून सुटलेली पाखरं कुणाच्या रानात उतरली, कधी मान वळवून पाहिलंत? नाही ना? मी मात्र आख्यान सुरू झाल्यापासून एक पाहतोय. त्या डावीकडच्या खांबाजवळ दोघं जण तोंडं फिरवून बसलेत आणि मधे एका माणसाची जागा मोकळी. एवढ्या दाटीत! मागं बाया उभ्या आहेत, पण त्या जागेत कुणाला बसवत नाही आणि ह्यांना सरकवत नाही. नावं घेत नाही, सगळ्या गावाला ठाऊक आहेत.

बुवा, पखवाज एवढ्यात उचलू नका. भजन होईल, घाई नाही. आधी तेवढी जागा भरू द्या.

हां, सरका. अजून थोडं.